चोक न होणारं मेंब्रेन का नाही बनवत?

सोसायटीच्या एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘मेंब्रेन सारखं चोक होतं म्हणता, मग चोक न होणारंच का नाही बनवत तुम्ही लोक?’’ तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

बनवतात की! मेंब्रेन म्हणजे पाणी जाऊ देणारी आणि गाळ अडवणारी अतिबारीक छिद्रांची गाळणी. पीव्हीडीएफ हे मेंब्रेनचं नेहमीचं प्लास्टिक पाण्याला फारसं जवळ करत नाही. त्यामुळे सांडपाण्यातली प्रथिनं, तेल आणि जिवाणूंनी सोडलेला बुळबुळीत चिकटा त्यावर पटकन बसतो. मग त्यात पीव्हीपीसारखं पाणी धरणारं पॉलिमर मिसळतात, किंवा धन आणि ऋण दोन्ही भार असलेल्या रेणूंचा लेप देतात. लेपाला पाण्याचा पातळ थर चिकटून राहतो आणि प्रथिनाला टेकायला जागा उरत नाही. प्रयोगशाळेत, प्रथिनाच्या स्वच्छ द्रावणावर, याचे आलेख झकास येतात.

टाकीत मात्र लिटरमागे 8 ते 10 ग्रॅम स्लज, म्हणजे जिवाणूंचा गाळ, असतो. एकदा पहिला थर बसला की नंतर येणाऱ्या गाळाची गाठ मेंब्रेनशी पडतच नाही, आधीच्या गाळाशीच पडते. खालचा लेप कितीही महागाचा असो. त्यात धुवायला हायपो, म्हणजे क्लोरीनचं ब्लीच, लागतं, आणि ते पीव्हीपीलाच खातं. म्हणून नुसत्या लेपाच्या जोरावर खपवलेल्या मेंब्रेनबद्दल मी जरा साशंकच असतो.

1989 मध्ये जपानच्या यामामोतोंनी मेंब्रेन थेट हवा सोडलेल्या टाकीतच बुडवलं. आजही निम्मी लढाई ती हवाच लढते. बुडबुडे मेंब्रेनचे दोऱ्यासारखे पोकळ तंतू हलवत ठेवतात, गाळ झडतो. दर काही मिनिटांनी पंपाची ओढ थांबवायची, म्हणजे बसलेला थर सैल होतो. आणि हाव धरायची नाही: चौरस मीटरमागे तासाला 15-20 लिटर निवांत निघत असताना सकाळच्या गर्दीला पंप ताणला, की गाळ दाबून बसतो.

मॉड्यूल, म्हणजे तंतूंचा अख्खा जुडगा, वर उचललं की खरा गुन्हेगार दिसतो: केस. तंतूंच्या मुळाशी पीळ पडून त्याची काळपट वेणी होते, तिच्यात स्लज अडकतो, तिथे हवा पोचत नाही. ती हायपोने विरघळत नाही, हातानेच सोडवावी लागते.

संशोधनातलं मला सगळ्यात पटलेलं काम कोरियातलं आहे. जिवाणू एकमेकांना रासायनिक निरोप धाडून थर बांधतात. ते निरोप खाणारे दुसरे जिवाणू मण्यांत भरून तिथल्या संशोधकांनी टाकीत सोडले. मणी तंतूंना घासतात, तो फायदा वेगळाच.

तुमच्याकडे मात्र नव्या मेंब्रेनचं कोटेशन मागवण्याआधी इनलेटची केस अडवणारी बारीक जाळी फाटलेली नाही ना, तेवढं ऑपरेटरला बघायला सांगा.