रेसलरचं खोटं चालतं, रॅपरचं नाही

रॅपचा इतिहास म्हटलं की सगळे 11 ऑगस्ट 1973 पासून सुरू करतात. ब्रॉन्क्समधली 1520 सेजविक अव्हेन्यूची बिल्डिंग, सिंडी कॅम्पबेलने ठेवलेली पार्टी, आणि तिचा भाऊ डीजे कूल हर्क दोन टर्नटेबल लावून गाण्यातला फक्त ड्रमचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवतोय वगैरे. बरोबरच आहे ते. पण मला विचाराल तर अजून थोडं मागे जायला पाहिजे, आणि तिथे भेटतो एक गोरा रेसलर, केस सोनेरी करून घेतलेला.

गॉर्जस जॉर्ज. खरं नाव जॉर्ज वॅग्नर. 1940-50 च्या दशकात अमेरिकेत टीव्ही नवा नवा होता आणि टीव्हीवर रेसलिंग तुफान चालायचं, तेव्हाचा हा सगळ्यात मोठा स्टार. याची एन्ट्रीच बघायला लोक यायचे म्हणा ना. आधी एल्गार या संगीतकाराची ती पदवीदानाला वाजवतात ती धून वाजणार, मग नोकर येऊन रिंगमध्ये सेंट फवारणार, मग हा झगा सांभाळत अगदी सावकाश येणार, केसातल्या सोनेरी पिना काढून पब्लिककडे भिरकावणार, आणि रेफरी तपासायला जवळ आला की तुझे घाणेरडे हात लावू नकोस म्हणून किंचाळणार. पब्लिक शिव्या घालायचं, आणि पुढच्या वेळी परत तिकीट काढायचं.

1961 मध्ये लास वेगासला याची गाठ पडली 19 वर्षांच्या कॅशियस क्लेशी, म्हणजे पुढचा मुहम्मद अली. दोघं रेडिओवर बोलायला आलेले. क्ले आपला शहाण्या मुलासारखा बोलला, आणि जॉर्जने मात्र माइक हातात आल्याबरोबर जो काही तमाशा सुरू केला, मी हरलो तर केस कापीन काय, माझ्याएवढा ग्रेट रेसलर जगात नाही काय, की तो पोरगा बघतच राहिला आणि मग मॅच बघायला गेला तर हॉल फुल्ल. ही आयडिया आपण जॉर्जकडून उचलली हे अलीने स्वतःच नंतर सांगितलंय. 1962 मध्ये बॉक्सर आर्ची मूर चौथ्या राउंडला पडणार असं यमक जुळवून आधी सांगितलं आणि चौथ्यातच पाडला. 1963 मध्ये तर लिस्टनशी फाइट व्हायच्या आधीच स्वतःच्या कौतुकाची अख्खी रेकॉर्ड काढली. मी सगळ्यात भारी, तू काहीच नाहीस, आणि हे सगळं यमकात. यालाच पुढे रॅप म्हणायला लागले, अजून काय.

आणि गंमत म्हणजे गायक जेम्स ब्राउन स्टेजवर तो केप अंगावर घ्यायचा, फेकायचा, त्याचं श्रेयसुद्धा तो गॉर्जस जॉर्जलाच द्यायचा. हर्क पार्टीत जे तुकडे फिरवायचा त्यात जेम्स ब्राउनच्या रेकॉर्ड असायच्याच. म्हणजे रॅपमधली बढाई अलीमार्गे आणि बीट ब्राउनमार्गे, दोन्ही बाजूंनी धागा त्या एकाच सेंटवाल्या माणसापर्यंत जातो. माझी थिअरी थोडी ताणलेली आहे, मान्य, पण मला फार आवडते.

नंतर दोन्ही धंदे एकमेकांच्या घरात येत-जात राहिले. 1989 च्या रेसलमेनियात, म्हणजे रेसलिंगच्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, रन-डीएमसी या रॅप ग्रुपने रॅप केलं, 1995 ला सॉल्ट-एन-पेपा आल्या. पण रेसलिंगवाल्यांना रॅप म्हणजे नक्की काय ते बराच काळ कळलंच नव्हतं. 90 च्या सुरुवातीला पी. एन. न्यूज नावाचा अवाढव्य रॅपर-रेसलर होता, मग जांभळ्या-सोनेरी कपड्यातले मेन ऑन अ मिशन, सगळे कार्टूनच. 1999 चा डब्ल्यूसीडब्ल्यू या रेसलिंग कंपनीचा किस्सा तर अफाट आहे. त्यांनी रॅपर मास्टर पीला पैसे मोजून आणलं, त्याच्या नो लिमिट सोल्जर्सना हिरो केलं आणि समोर व्हिलन म्हणून कर्ट हेनिगचे वेस्ट टेक्सास रेडनेक्स उभे केले जे 'रॅप इज क्रॅप' नावाचं कंट्री गाणं म्हणायचे. कंपनीचं मुख्य पब्लिक दक्षिणेकडचं, कंट्री ऐकणारं. त्यांनी व्हिलनलाच डोक्यावर घेतलं. आपली गिऱ्हाईकं कोण हे ज्या कंपनीला माहीत नाही ती बुडणारच, आणि 2001 ला ती विकली गेलीच.

मग जॉन सीना. 2002 मध्ये आला तेव्हा अगदीच फिका होता, डब्ल्यूडब्ल्यूई कंपनी त्याला कामावरून काढायच्या बेतात होती असं तोच सांगतो. टूरच्या बसमध्ये पोरं रॅप करत बसलेली, यानेही केलं, स्टेफनी मॅकमहनने ऐकलं आणि त्याला कॅरेक्टर मिळालं. त्या वर्षीच्या हॅलोविनला व्हॅनिला आइस हा गोरा रॅपर बनून आला आणि तिथून गाडी सुटली. 2005 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन आणि त्याच वर्षी अल्बम बिलबोर्डच्या खपाच्या यादीत 15 व्या नंबरला. मला सीना आवडतो, त्या काळात समोरच्याची माइकवर अशी उतरवायचा की बस. पण हेही खरं की आर-ट्रुथ हा काळा रेसलर 2000 पासून रॅप करत रिंगमध्ये येत होता आणि त्याच कंपनीने त्याला वर्षानुवर्षं कॉमेडीत ठेवलं. रॅपवर वर गेला तो गोरा पोरगा. यावर कुणी जास्त बोलत नाही.

आता तर काय, रॅपर बॅड बनी 2023 ला सॅन हुआनमध्ये रेसलर डेमियन प्रीस्टशी चक्क चांगली मॅच खेळला. 2025 ला टोरांटोत रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटने रेसलर कोडी ऱ्होड्सला अशी खरीखुरी थप्पड हाणली की त्याचा डोळा काळानिळा झाला. हात आवरायचा असतो हे बहुतेक कुणी सांगायचं राहिलं!

पण मला खरं बोलायचंय ते केफेबबद्दल. केफेब म्हणजे सगळं ठरवून चाललंय हे कुणासमोर कबूल करायचं नाही, रिंगबाहेरसुद्धा नाही, हा रेसलिंगचा जुना नियम. 1987 मध्ये हिरो जिम डगन आणि व्हिलन आयर्न शीक न्यू जर्सीत एकाच गाडीत पोलिसांना सापडले, ड्रग्जची केस, पण बोंब जास्त कशाची झाली तर हे दोघं दुश्मन एका गाडीत कसे! दोघांची नोकरी गेली. आणि दोनच वर्षांनी त्याच न्यू जर्सीत त्यांच्या कंपनीने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, सरकारला स्वतःहून सांगितलं की ही स्पर्धा नाही, मनोरंजन आहे, कारण तसं सांगितलं की खेळांचे सरकारी नियम आणि टॅक्स यातून सुटका होत होती. धंदा बुडाला का? उलट दहा वर्षांत शिखरावर गेला.

रॅपमध्येही केफेब आहेच, फक्त तिथे त्याला 'रिअल' असणं म्हणतात. व्हॅनिला आइसचं बालपण मायामीच्या गल्लीत गेलं असं छापलं होतं, 1990 ला पेपरवाल्यांनी शोधलं तर बराचसा डॅलसजवळच्या उपनगरात वाढलेला, त्याचं हसं झालं. रिक रॉस कोकेनच्या साम्राज्याची गाणी म्हणायचा, 2008 ला कळलं की हा आधी तुरुंगात गार्ड होता. आधी नाही म्हणाला, मग कबूल, आणि 2009 चा अल्बम थेट एक नंबरवर. ज्या खऱ्या ड्रग डीलरचं नाव त्याने घेतलं होतं तो कोर्टात गेला, आणि 2013 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने काय सांगितलं तर हे कलाकाराने रचलेलं पात्र आहे, चालतं.

मग हेच पात्र फौजदारी केसमध्ये का चालत नाही? तिथे गाण्याच्या ओळी कबुलीजबाब म्हणून वाचल्या जातात. रेसलर अंडरटेकरने रिंगमधल्या खेळात लोकांना जिवंत पुरलं म्हणून कुणी त्याच्यावर गुन्हा दाखल केला नाही. कॅलिफोर्नियाने निदान 2022 मध्ये कायदा केला की अशा ओळी ज्युरीसमोर ठेवण्याआधी त्या चालतील का ते जजने ठरवायचं. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात तसं काही नव्हतं. रॅपर यंग थगच्या तिथल्या खटल्यात नोव्हेंबर 2023 ला जजने त्याच्या ओळी पुरावा म्हणून चालतील असं सांगितलं, ऑक्टोबर 2024 ला त्याने गुन्हा कबूल केला, आणि जी सुटका झाली ती 15 वर्षांच्या प्रोबेशनसकट, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली.