सहा उद्योग आणि एक रकाना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्याचा हिस्सा विकून आलेले 36 लाख रुपये बँकेत पडून होते. ते सहा शेअरमध्ये सहा-सहा लाख असे टाकायचे, हे काकांनी आमच्याकडे सल्ल्याला येण्याआधीच ठरवलं होतं. नोव्हेंबर 2025 मधला मंगळवार होता. काका दोन जिने चढून आले, बसण्याआधी टेबलावर आलेखाचा कागद पसरला आणि म्हणाले, "तू फक्त बरोबर की चूक एवढं सांग."

कागद व्यवस्थित होता. आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीत, नाफ्था क्रॅकरच्या (नाफ्था तोडून प्लॅस्टिकचा कच्चा माल काढणाऱ्या संयंत्राच्या) कंट्रोल रूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाचा कागद तसाच असणार. डावीकडे उद्योग: सोडा ॲश, रंग, सिमेंट, मोबाईल सेवा, विमान कंपन्या, डिपॉझिटरी (लोकांचे शेअर डिमॅट खात्यांत सांभाळणाऱ्या संस्था). उजवीकडे प्रत्येक उद्योगात किती कंपन्या राज्य करतात तो आकडा. कुठे दोन, कुठे तीन, कुठे पाच. त्यांचा हिशेब सरळ होता. ज्या धंद्यात मूठभर लोक आहेत तिथे स्पर्धा कमी, स्पर्धा कमी म्हणून भाव हातात, भाव हातात म्हणून नफा पक्का.

असा कागद घेऊन येणारे ते पहिले नव्हेत. इतका नीट कागद मात्र पहिलाच, म्हणून अर्ध्या तासाचं काम दिवसभर चाललं. त्यांच्या परवानगीने ते इथे मांडतो आहे.

सुरुवात आकड्यापासून केली. कंपन्या नुसत्या मोजून काही कळत नाही, वाटा मोजावा लागतो. प्रत्येकीच्या बाजारहिश्शाचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. चार कंपन्या प्रत्येकी 25 टक्क्यांच्या असतील तर बेरीज 2,500. एक 70 टक्क्यांची आणि तीन दहा-दहा टक्क्यांच्या असतील तर 5,200. दोन्हीकडे कंपन्या चारच, पण पहिल्या बाजारात चौघे एकमेकांच्या ताटातलं ओढत बसतात, दुसऱ्यात थोरली भाव वाढवते आणि बाकीच्या निमूट मागे जातात. काकांनी लगेच कॅल्क्युलेटर काढला. त्यांना ही रीत आवडली, आणि मला तीच भीती होती. ही बेरीज बाजाराच्या कुंपणाच्या आत खरी असते. कुंपण कुठे घालायचं ते ती सांगत नाही.

म्हणून पहिल्या ओळीवरच थांबलो. सोडा ॲश म्हणजे काच आणि साबण-डिटर्जंटचा कच्चा माल. देशातले मोठे उत्पादक हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि कारखाने जवळपास सगळे आपल्या गुजरातेत: टाटा केमिकल्सचा मिठापूरला, जीएचसीएलचा सुत्रापाड्याला, निरमाचे भावनगर आणि पोरबंदरकडे. मीठ समुद्राचं, चुनखडी जवळची, नवा कारखाना उभारायला वर्षं लागणार. बेरीज छान मोठी येते. तरीही भाव या मंडळींच्या हातात नाही.

कारण हे कारखाने सोडा ॲश बनवतात. टनामागे दीड टनाहून जास्त मीठ, वर चुनखडी, कोक आणि भरपूर वाफ. अमेरिकेत वायोमिंगला आणि तुर्कस्तानात मात्र ती ट्रोना नावाच्या खनिजातून मिळते. काढायची, विरघळवायची, शुद्ध करून भाजायची. खर्च बराच कमी. अलीकडे चीननेही इनर मंगोलियात खनिजातून मोठी क्षमता उभी केली. जगात माल जास्त झाला की जहाजं कांडला-मुंद्र्याला लागतात आणि मिठापूरचा भाव तिथे ठरतो. शेवटी सरकारला डिसेंबर 2024 अखेर टनामागे 20,108 रुपयांची किमान आयात किंमत लावावी लागली. ती जून 2025 पर्यंत होती, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. ज्या उद्योगाला सरकारकडून तळाचा भाव मागावा लागतो, त्याच्या हातात वरचा भाव कसा असेल? (गंमत म्हणजे टाटा केमिकल्सने 2008 मध्ये वायोमिंगमधला खनिजवाला उत्पादकही विकत घेतला. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना त्यांचं शेत आहे. म्हणून त्यांचा अहवाल वाचताना भारताचे आकडे वेगळे काढून पाहावे लागतात.)

काका गप्प झाले, मग हसले. "अरे, हे तर आमचंच. पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या कच्च्या मालात, आपण देशात तिघं-चौघं होतो. पण दर महिन्याचा भाव लावताना कोणी आपला खर्च विचारायचं नाही. सिंगापूरकडचा भाव घ्या, भाडं धरा, सीमाशुल्क धरा, बंदरापासूनची वाहतूक धरा. तो आकडा म्हणजे आपला भाव." 2002 मध्ये सरकारने आयपीसीएलचा 26 टक्के हिस्सा 1,491 कोटींना रिलायन्सला विकला तेव्हा सगळे म्हणत होते, आता पॉलिमरची मक्तेदारी झाली. मार्जिनची वरखाली मात्र पुढेही जगाच्या चक्राप्रमाणेच चालली. पंचवीस वर्षं रोज पाहिलेली गोष्ट शेअरच्या कागदावर आली की आपण विसरतो. त्यांनीच मग पट्टी घेऊन उजवीकडे नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: भाव कोण ठरवतो?

सिमेंटच्या ओळीत फार वेळ गेला नाही. जड आणि स्वस्त माल, 50 किलोच्या गोणीवर वाहतूक लगेच चढून बसते, म्हणून देशाचा वाटा पाहून उपयोग नाही. उत्तर, पश्चिम, दक्षिण असे वेगळे बाजार धरायचे आणि आपली कंपनी कुठे विकते ते बघायचं. सप्टेंबर 2022 मध्ये अदानींनी अंबुजा आणि एसीसी घेतल्या, डिसेंबर 2024 मध्ये अल्ट्राटेकने इंडिया सिमेंट्सचा ताबा घेतला. एकत्रीकरण खरं आहे, पण दोघेही क्षमता वाढवण्याच्या शर्यतीत आहेत, आणि क्षमता जास्त असताना शेवटचा ट्रक रिकामा ठेवण्यापेक्षा गोणीमागे दहा रुपये सोडणं परवडतं. उलट भाव एकत्र वर गेले तर स्पर्धा आयोग दारात. 2012 मध्ये आयोगाने सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल सहा हजार कोटींहून जास्त दंड लावला, 2015 मध्ये तो रद्द झाला, 2016 मध्ये पुन्हा लागला, 2018 मध्ये अपिलात कायम राहिला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हा पैसा नफा-तोट्यात दिसत नाही. अहवालाच्या मागच्या पानांत 'कंटिंजंट लायबिलिटीज' नावाच्या टिपेत असतो, म्हणजे आज ताळेबंदात नसलेली पण उद्या अंगावर येऊ शकणारी देणी. माझ्या मते मूठभर कंपन्यांच्या उद्योगात सर्वांत आधी वाचायचं पान हेच.

दुपारी खाली उतरून सेव-उसळ खाल्ली आणि काकांना मांडवीकडच्या एका रंगाच्या दुकानात नेलं. रंगाचा धंदा अहवालात कळत नाही, काउंटरवर कळतो. डबे सगळे पांढऱ्या बेसचे. टिंटिंग मशीनमध्ये शेड-नंबर टाकला की रंगद्रव्याचे थेंब मोजून पडतात, डबा शेकरमध्ये घुसळला की छटा तयार. त्यामुळे डीलरला हजार छटांचा साठा लागत नाही, आणि दिवसातून दोन-तीनदा माल पोचवणारी कंपनी असेल तर पैसाही अडकत नाही. एशियन पेंट्सचा किल्ला तो होता: मशीन, रोजची गाडी आणि डीलरचा झटपट फिरणारा पैसा. दुकानात जागा एखाद-दुसऱ्या मशीनचीच, मग चौथ्या-पाचव्या कंपनीला दार बंद.

आम्ही गेलो त्या दुकानात चार मशीनं उभी होती. दुकानदार म्हणाला, नवीन मशीन फुकट मिळालं, वर डब्यात जास्त माल आणि जास्त मार्जिन; नाही कशाला म्हणू? ग्रासिमने फेब्रुवारी 2024 मध्ये बिर्ला ओपस बाजारात आणलं, 10,000 कोटींची गुंतवणूक आणि सहा कारखाने जाहीर करून. जेएसडब्ल्यूने जून 2025 मध्ये ड्युलक्सवाल्या ॲक्झो नोबेल इंडियाचा ताबा घेण्याचा करार केला. आर्थिक वर्ष 2025 मध्ये एशियन पेंट्सचा निव्वळ नफा आधीच्या वर्षापेक्षा सुमारे एक तृतीयांश खाली आला. मागणीही मंद होती, सगळं खापर नव्या स्पर्धकावर फोडता येत नाही. पण किल्ल्याची भिंत कुठल्या उंचीची होती ते दिसलं. लहान कंपनीला चढता येत नव्हती, सिमेंटचं डीलरजाळं आधीपासून असलेल्या श्रीमंत समूहाला आली.

परत येऊन काकांना एक गुणाकार करायला लावला. समजा, शेअर कमाईच्या 70 पट भावाने घेतला. कमाई एक तृतीयांश घटली आणि लोक आता 45 पटच द्यायला तयार झाले. 45 भागिले 70, गुणिले दोन तृतीयांश: 0.43. म्हणजे लाखाचे त्रेचाळीस हजार. कंपनी तीच, अजूनही पहिल्या नंबरची, कर्जही नाही. मूठभर कंपन्यांचा उद्योग चांगला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्याची किंमत आधीच लावलेली असते. अशा वेळी चूक उद्योग निवडण्यात नसते, पट निवडण्यात असते.

मोबाईलच्या ओळीत काकांनी 'तीन' लिहिलं होतं. त्या तीनपर्यंतचा रस्ता मी दाखवला. एकेकाळी देशात डझनभर कंपन्या होत्या. 2 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने रद्द केले, 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आली आणि काही महिने सेवा फुकट दिली, ऑगस्ट 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आणि मग 24 ऑक्टोबर 2019 चा एजीआरचा, म्हणजे सरकारला शुल्क देताना कंपनीचं कोणतं उत्पन्न धरायचं याचा, निकाल: परवाना शुल्क काढताना व्याज, भाडं असं इतर उत्पन्नही धरायचं, वर थकबाकीवर व्याज, दंड आणि दंडावर व्याज. हा वाद वर्षानुवर्षं मागच्या पानांतल्या त्याच टिपेत पडून होता. निकालानंतर जाहीर झालेल्या जुलै-सप्टेंबर 2019 च्या तिमाहीत व्होडाफोन आयडियाचा तोटा 50,921 कोटी निघाला.

पण तोट्याच्या आकड्यापेक्षा मी काकांना शेअरची संख्या पाहायला सांगितली. एप्रिल 2019 च्या हक्कभाग विक्रीआधी (आधीच्या भागधारकांना नवे शेअर देऊ करण्याआधी) व्होडाफोन आयडियाचे सुमारे 873 कोटी शेअर. विक्रीनंतर 2,873 कोटी. पुढे सरकारची देणी दोनदा शेअरमध्ये बदलली, मध्ये एक सार्वजनिक विक्री झाली, आणि एप्रिल 2025 नंतर संख्या गेली 10,830 कोटींच्या वर. एक टक्का मालकी असणारा, नवे पैसे न घालता, 0.08 टक्क्यांवर आला. बाजारात खासगी तीनच उरले हे खरं, पण तिसऱ्या क्रमांकाच्या भागधारकाला त्याचं काय? टिकलेल्या दोघांना दरवाढ जमली, डिसेंबर 2019, नोव्हेंबर 2021 आणि जुलै 2024 मध्ये. तीही सरकारला बाजारात तिसरा हवा आहे या मर्यादेत. म्हणून अशा उद्योगात 'किती उरले' पाहताना 'उरायला किती भांडवल ओतावं लागलं' हेही मांडायचं: दहा वर्षांचा व्यवसायातला रोख पैसा एका बाजूला, स्पेक्ट्रम आणि टॉवरवरचा खर्च दुसऱ्या बाजूला.

डिपॉझिटरी या यादीतली सगळ्यांत देखणी ओळ. एनएसडीएल 1996 ची, सीडीएसएल 1999 ची, तिसरी नाही. भांडवल कमी लागतं आणि लोक खातं सहसा हलवत नाहीत. पण कंपन्यांकडून दरवर्षी मिळणारं फोलिओमागचं (कंपनीच्या प्रत्येक भागधारक-खात्यामागचं) 11 रुपये शुल्क सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, ठरवलेलं आहे. नव्या रकान्यात काकांनी 'सेबी' लिहिलं. उरलेली मिळकत बाजाराच्या उत्साहावर हलते: नवी खाती, विक्रीचे व्यवहार, नवे इश्यू. मंदीच्या दोन वर्षांचे आकडे काढून पाहिल्याशिवाय तेजीतला नफा सरासरी धरायचा नाही.

विमानांच्या ओळीत दोन गट मिळून बाजाराचा जवळपास नव्वद टक्के भाग. काका म्हणाले, इथे तरी भाव कंपनीच ठरवते ना? मी म्हटलं, इंधन डॉलरशी बांधलेलं, विमानांचं भाडं डॉलरमध्ये, किंग्फिशर 2012 मध्ये थांबली, जेट 2019 मध्ये, गो फर्स्ट 2023 मध्ये. तरी त्यांनी रकान्यात 'कंपनी' लिहिलं. मी हट्ट केला नाही.

पाच वाजता हिशेब असा झाला: बारा लाख औषधपाणी आणि अडीअडचणीसाठी बाजूला, ते शेअरमध्ये नाहीत. उरलेल्या चोवीस लाखांसाठी सहापैकी दोनच उद्योग ठेवले, खरेदी बारा महिन्यांच्या हप्त्यांत, आणि प्रत्येकापुढे कमाईचा कमाल पट लिहून, त्यावर भाव गेला तर त्या महिन्याचा हप्ता लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या रोख्यांच्या म्युच्युअल फंडात). कोणते दोन ते इथे लिहीत नाही. ते त्यांच्या वयाला आणि पेन्शनला धरून काढलेलं उत्तर आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं मोठ्या प्रमाणावर रद्द झाली, भाडी भडकली आणि सरकारने तिकिटांवर कमाल मर्यादा घातली. त्याच रात्री काकांनी व्हॉट्सॲपवर आलेख-कागदाचा फोटो पाठवला. विमानांच्या ओळीत 'कंपनी' खोडून पेन्सिलीने 'दिल्ली' लिहिलं होतं. खाली एक ओळ: "सोडा ॲशच्या किमान किमतीची मुदत 31 तारखेला संपते ना रे? वाढवली तर कळव."