वैरण : जनावरांच्या मुखापासून जात्याच्या मुखापर्यंत

सोलापूरकडच्या गोठ्यांत ‘चारा’ या शब्दापेक्षा ‘वैरण’ हाच शब्द मला अधिक ऐकू येतो आणि तो टिकून राहावा असे मनापासून वाटते. ‘चारा’ हा संस्कृत ‘चर्’ या धातूच्या कुळातला शब्द असल्यामुळे त्यात चरणाऱ्या जनावराची हालचाल आहे. ‘वैरण’ या शब्दात मात्र घालणाऱ्याचा हात दिसतो, कारण जात्याच्या तोंडात मूठभर धान्य सोडणे आणि आधणात तांदूळ घालणे या दोन्ही क्रियांना मराठीत ‘वैरणे’ म्हणतात. जाते, चूल आणि गोठा या घरातल्या तिन्ही भुकेल्या जागांना एकाच शब्दाने जोडणारी ही योजना मला विलक्षण वाटते.

आमच्याकडे वैरण म्हटली की बहुधा ज्वारीचा कडबाच डोळ्यांपुढे येतो. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी 35-1 हे वाण रब्बीत इतके रुजले, त्यामागे भाकरीच्या चवीइतकाच त्याच्या कडब्याचाही वाटा आहे. या कडब्याभोवती शब्दांचे एक लहानसे कुटुंबच नांदते : बांधलेली ती पेंढी, रचलेली ती गंज, बारीक कापलेली ती कुट्टी आणि जनावराने खाऊन टाकून दिलेले ते चगळ. सरकीची किंवा शेंगदाण्याची ‘पेंड’ मात्र वेगळ्या घरची, कारण तिचे नाते ‘पिंड’ म्हणजे गोळा या शब्दाशी आहे.