हिरव्याची वाटणी

एखाद्या कॉलनीतून सिग्नलसाठी सह्यांचा अर्ज येतो, तेव्हा बहुतेक वेळा लोकांना खरं तर स्पीडब्रेकर हवा असतो. गाड्या सुसाट जातात, पोरं शाळेत जायची, काहीतरी करा. पण सिग्नल लागला म्हणून वेग कमी होतोच असं नाही. लांबून हिरवा दिसला की तो जायच्या आत निघायला लोक उलट गाडी ताणतात. सिग्नल फक्त वेळ वाटून देतो. आणि वाटणी म्हटली की भांडण आलंच.

मी सिग्नल उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडे इंजिनिअर आहे. पुण्याच्या उपनगरातला तो तिठा: मेन रोड 14 मीटर रुंद, त्याला येऊन मिळणारा सोसायट्यांचा रस्ता, समोर दुकानांची रांग. खांब, केबल, कंट्रोलरची पेटी सगळं बसलं होतं. दिव्यांच्या तोंडाला पोती बांधलेली, म्हणजे सिग्नल बंद पडलाय असा कुणाचा समज व्हायला नको.

चालू करायच्या दिवशी उजाडतानाच पोहोचलो. पहिलं काम ऐकायला विचित्र वाटेल. मेन रोड आणि सोसायटीचा रस्ता, दोन्हींचे हिरवे दिवे एकदम पेटतील अशी वायर मुद्दाम जोडायची. कंट्रोलर धड असेल तर तो ती गडबड पकडतो आणि सगळीकडे पिवळा ब्लिंकर लावतो. त्याने लावला. मग वायर पूर्ववत करून पोती उतरवली.

आमचा हिशेब असा होता. सायकल, म्हणजे सगळ्यांची पाळी एकदा फिरून यायचा वेळ, 120 सेकंदांची; त्याच्या वर नेलं की लाल दिव्यावर ताटकळलेले लोक तो तोडायला लागतात. गाड्यांच्या तीन फेज, म्हणजे आळीपाळीने हिरवा मिळायच्या तीन पाळ्या. प्रत्येकीच्या शेवटी तीन सेकंद पिवळा आणि दोन सेकंद सगळीकडे लाल, म्हणजे 15 सेकंद तिथेच गेले. ते फुकट गेल्यासारखे वाटतात, पण मधोमध अडकलेली रिक्षा त्याच वेळात बाहेर पडते. उरले 105, त्यात पायी चालणाऱ्यांना 18. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरलं की 14 मीटरला 12 सेकंद, वर पाऊल उचलायला सहा.

नऊच्या सुमारास गर्दी झाली आणि सोसायटीचे चेअरमन तरातरा आले. सह्या गोळा करणारे हेच. लाल लागला की सोसायटीच्या रस्त्यावरची रांग थेट त्यांच्या गेटपर्यंत येत होती आणि त्यांची स्वतःची गाडी आतच अडकली होती.

"अहो साहेब, आमच्याच गेटसमोर रांग? यासाठी वणवण केली का मी?"

"काका, लाल लागला की गाड्या कुठेतरी थांबणारच की."

तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी झेब्र्यावर निम्म्यात पोहोचल्या आणि हिरवा माणूस लुकलुकायला लागला. मागून हॉर्न सुरू. हवालदारांनी हात आडवा घातला म्हणून बरं. पलीकडे पोहोचून आजी मला म्हणाल्या, "बाळा, तुझा तो हिरवा माणूस फारच तरणा दिसतो रे!"

सकाळी तिथून जाणारे निम्मे तरी पेन्शनर असावेत. चाल सेकंदाला 0.8 मीटर धरली तर 18 सेकंद नुसते ओलांडायलाच लागतात. पायी चालणाऱ्यांचे 24 केले आणि वरचे सहा मेन रोडकडून काढून घेतले. हवालदारांनी मान डोलावली. चेअरमनच्या गेटसमोर पिवळ्या पट्ट्यांची जाळी मारायचं ठरलं. तिच्यावर गाडी उभी करायची नसते, हे लोक कितपत पाळतील ते मी त्यांना बोललो नाही.

संध्याकाळी दुकानदारांपैकी एकाचा फोन आला. मेन रोडवर रांग वाढलीय, आमच्या दारात गाड्या उभ्या राहतात, ते सहा सेकंद परत द्या. त्यांचं सगळं ऐकून घेतलं. आकडा 24 च ठेवला.