पहिली धार चपलेवर

आज दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला एका सेंद्रिय गोठ्यावर गेलो होतो. सगळ्या गीर गाई, लांब लोंबते कान. लेकीने धार काढायचा हट्टच धरला. गोठ्यातल्या मावशी म्हणाल्या, "आधी वासरू सोडू दे बाळा, पान्हा फुटल्याशिवाय नाही द्यायची ती." वासराने कासेला दोन ढुशा दिल्या आणि गाय पान्हावली. लेकीची पहिली धार चरवीत कमी, माझ्या चपलेवर जास्त!

आई रमली जीवामृताच्या, म्हणजे पिकांना द्यायच्या पातळ सेंद्रिय खताच्या, पिंपापाशी. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती. "बेसन? शेणात?" हे तिने तीनदा विचारलं.

दुधाचा भाव ऐकून बाबा गप्प. खरवसाची दुसरी वाटी मात्र त्यांनीच मागितली. येताना घाटात नेहमीचं ट्रॅफिक. लेकीने अजून हात धुतलेले नाहीत.