मुन्ना आता लोळून का दाखवत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही एकट्यांनीच विचारलं असं नाही. एसटीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा नारायणगावच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात धरून एका बाईंनी विचारलं, "तुमचा तो घोडा, 'टेक' म्हटलं की लोळायचा तो, हल्ली लोळत नाही म्हणे? म्हातारा झाला का?" इतकी वर्षं मी "हो, वय झालं हो" म्हणून वेळ मारून नेली. वय झालंय, त्यात खोटं काही नाही. पण ते उत्तर नव्हे.

न्यायालयानं २०१५ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या वर्षभरात बंद करायला सांगितल्या, मग मुन्नाच्या गाडीवान चाचांनी त्याला माझ्या हवाली केलं, तो टेम्पोतून इकडे जुन्नरकडे आला, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ते सोडते.

आधी एका जुन्या टोमण्याचा निकाल लावते. "हरभरे दाखवून कुणीही नाचवेल." नाही नाचवणार. करून बघा. हरभरे दाखवले की घोडा हरभऱ्यांकडेच बघतो. त्यानं हवं ते केलं त्याच क्षणी एक ठरलेला आवाज करायचा आणि मग दाणा द्यायचा. पद्धत इतकीच आहे, पण आवाजाला जरा उशीर झाला की तुम्ही भलतंच काहीतरी शिकवून बसता आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

माझा पहिला महिना त्या आवाजातच गेला. परदेशी व्हिडिओंत काही जण जीभ टाळ्याला लावून 'टॉक्' करतात. मीही केलं. मुन्ना दर वेळी ताडकन पुढे, माझ्या खांद्याला हिसका. दोन दिवस मी त्याला आडमुठा म्हणत होते. मग फोनवर चाचा हसले. "बेटी, वो तो गाडी हाँकने की आवाज है." त्याच्या सगळ्या आयुष्यात त्या आवाजाचा अर्थ 'ओढ' असा होता, आणि मी तोच आवाज 'शाबास' म्हणून काढत होते. शेवटी मुरंब्याच्या बाटलीचं झाकण सापडलं. मधोमध दाबलं की 'टिक्' वाजतं ते. ते खिशात आलं.

पहिला धडा सभ्यपणाचा. खिसे हुंगायला आला की झाकण गप्प. तोंड बाजूला वळवून उभा राहिला की टिक्, आणि दाणा. हाताला तोंड लावणारा घोडा आठवड्यात चावरा होतो, म्हणून हे आधी. चार दिवसांत तो मान वळवून इतका शहाण्यासारखा उभा राहायला लागला, की मला तो मुलाकडच्या थोरल्या काकांसारखा दिसायचा. आपल्याला जेवणाची काही घाई नाही, असं दाखवणाऱ्या.

आता 'टेक'. घोडा उभ्या उभ्या डुलक्या काढतो, पण स्वप्नं पडणारी झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही, आणि भरवसा वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. मुंबईत अरुंद ठाण, अगाडी-पिछाडी बांधलेली, रात्रभर गाड्या. इथे आल्यावर तीन महिने मी त्याला आडवा पाहिला नाही. मग उन्हाळ्यात एकदा अंघोळ घालून मऊ मातीत सोडला. तो हुंगत गोल फिरला, गुडघे दुमडले. टिक्. त्याला इतकं नवल वाटलं की लोळायचं अर्धवट टाकून तो दाणा घ्यायला उठून आला. मग रोज अंघोळ, रोज माती, रोज टिक्, आणि तीन आठवड्यांनी त्याला 'टेक' हा शब्द जोडला. त्याचा पाय मी दोरीनं ओढला नाही की त्याला पाडला नाही. वरातीचे घोडे नाचायला कसे शिकतात ते ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना यात मला काय वाटत असेल ते कळेल.

मग टाप. तोबऱ्याची वेळ झाली की तो पुढचा पाय आपटायचाच. तेच उचललं आणि 'मोज' असं नाव दिलं. "तीन अधिक दोन?" की पाच टापा. त्याला अर्थातच बेरीज येत नव्हती. पाचवी टाप पडली की माझे खांदे सैल पडायचे, ते तो बघायचा. बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याची हीच गोष्ट. तो टापांनी गणितं सोडवतो म्हणून १९०४ मध्ये तेरा जणांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं १९०७ मध्ये दाखवलं, की घोडा विचारणाऱ्याच्या अंगाची बारीकशी हालचाल वाचतो. घोडे माणसाला किती वाचतात याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगतात. मीही सांगायचे. आता मला तिच्यातली माणसं आठवतात. इतके शिकलेले लोक, आणि सगळ्यांचे डोळे टापेवर.

आणि मग हसू. लिंबाची साल हुंगवली की तो वरचा ओठ उलटून दात दाखवायचा. कुठलाही उग्र वास आला की घोडे तसं करतात. 'हस' म्हटलं की लहान पोरं खिदळायची.

लोळणं, टाप, ओठ. घोड्यांशी ज्यांचा संबंध आहे त्यांना पुढचं एव्हाना कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही.

२०१९ चा पोळा. आमच्या भागात तो भाद्रपद अमावास्येला. बैलांना आंघोळी, शिंगांना हिंगूळ, झुली, मिरवणूक, पुरणपोळी. मुन्नाही जन्मभर ओढत आलेलं जनावर, म्हणून त्याच्या कपाळाला मी कुंकू लावलं आणि पुरणपोळीचा एक घास दिला. घास एकच होता हे मी शपथेवर सांगेन. पण दुपारी तीनपासून घरात पंचवीस-तीस माणसं होती, त्यात माझी भाचरं, त्यांचे मित्र, आणि हरभऱ्याचा डबा ओट्यावर उघडा. कुणी किती दिलं याचा हिशोब आजतागायत लागलेला नाही. डबा माझा होता, एवढं खरं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला मुन्नानं टाप मारली. कुणी सांगितलं नव्हतं. पोरं ओरडली, "एक! दोन! तीन!" तो थांबेना. नऊ, दहा, अकरा. भाचा म्हणाला, "मावशी, हा तर पाढे म्हणतोय." सगळे हसले, मीही हसले. मग त्यानं ओठ वर केला. "हसतोय, हसतोय!" मग तो गुडघे दुमडून खाली बसला, आडवा झाला. 'टेक' न म्हणता. टाळ्या पडल्या. मला काय वाटलं सांगू? मला अभिमान वाटला. माणसं बघून जनावर आपणहून सगळे खेळ करून दाखवतंय, असं वाटलं. तो उठला, मान वळवून कुशीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचा सभ्यपणा, मला वाटलं. मी झाकण दाबलं. टिक्. आणि मूठभर हरभरे दिले.

त्यानं ते खाल्ले नाहीत. तोंडातून सांडले. तेव्हाही मी खाली वाकून ते वेचत होते.

शेजारचे आबा बैलांच्या झुली सोडवून परत चालले होते. ते कुंपणापाशी थांबले. त्यांनी जन्मात घोडा पाळलेला नाही. म्हणाले, "ताई, गार वारं सुटलंय अन् याला घाम कशाचा आलाय?"

कानांमागे, छातीवर, मांड्यांच्या आत, सगळीकडे घाम. कुशीला कान लावला. धड घोड्याचं पोट सतत बोलत असतं, नळाला पाणी यायच्या आधी पाइप गुरगुरतो तसं. डाव्या बाजूला काही नाही. उजव्या बाजूला काही नाही. जबड्याखालची शीर धरून घड्याळ लावलं: अडुसष्ट. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. पोटदुखीत घोडा पाय आपटतो, ओठ उलटतो, बसतो-उठतो, वळून वळून कुशीकडे बघतो. हे मी मुन्ना यायच्या आधीच वाचलं होतं, वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही दहा पावलांवर फळीवर होती. आणि मी अर्धा तास त्याच्या कळांवर टाळ्या घेत होते.

डॉक्टरांना फोन लागला, पण ते दुसऱ्या गावी एका अडलेल्या गाईपाशी होते. यायला साडेअकरा वाजले. तोवर मी त्याला चालवत राहिले. त्याला लोळायचं होतं. ज्या लोळण्याला तीन वर्षं दाणे दिले, त्यासाठी आता मी त्याच्यावर ओरडत होते. एकदा तर चाबूक म्हणून वेताची काठी उचलली आणि मारली. होय, मारली. स्वतःच्या व्हिडिओतून काठीविरुद्ध बोलणाऱ्या बाईनं. त्यानं माझ्याकडे बघितलं, ते कसं बघितलं ते लिहिणार नाही. तुम्ही त्यात तुमचं काहीतरी घालाल. गावातली दोघं-तिघं बांबूची नळी आणि ओव्याचं तेल घेऊन आली. बैलाला पाजतात तसं पाजू म्हणाली. मी नाही म्हटलं. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं वरून परत येत नाही, आणि असं ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं तर संपलंच. ती माणसं रागावून गेली. त्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही.

डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. वास सुटला, हवा निघाली, मग त्याच नळीतून द्रवरूप पॅराफिन. एरवी यासाठी घोड्याच्या वरच्या ओठाला दोरीचा फास पिळून धरतात. मुन्नाला धरावं लागलं नाही. जंताचं औषध देण्यासाठी मी त्याला माझ्या तळहातावर हनुवटी टेकून स्थिर राहायला शिकवलं होतं, त्याच झाकणानं. तो थरथरत होता, पण हनुवटी हलवली नाही. पहाटे साडेचारला त्यानं लीद टाकली. मी त्या लिदीला हात जोडले. हसायचं तर हसा.

आता तुम्ही म्हणाल, बघा, शेवटी त्याच शिकवण्यानं वाचवलं. मीही वर्षभर हेच म्हणत होते. आणि उरलेल्या वेळात उलटं म्हणत होते. त्याच पोळ्याच्या आधी महिला मंडळात मी बोलले होते, "आमच्या दोघांत आता एक भाषा तयार झाली आहे." त्या बाईला आज समोर बसवून विचारावंसं वाटतं: कसली भाषा गं? 'दुखतंय' म्हणायचे त्याचे जेवढे शब्द होते तेवढे तू वेचून घेतलेस, त्यांना हरभऱ्याचा भाव लावलास आणि त्यांचा अर्थ 'बघा माझी गंमत' असा करून टाकलास. चेंडू ढकलायला शिकव, घंटा वाजवायला शिकव. नेमकं हेच कसं निवडलंस? सोपं होतं म्हणून. ते त्याच्यात आधीपासूनच होतं म्हणून.

पण ती बाईही गप्प बसणारी नाही. ती म्हणते, गाडीला जुंपलेला, झापडं लावलेला घोडा दुखणं दाखवतो का? चाचांचा आधीचा घोडा ओढता ओढता खाली बसला तोवर कुणाला काही कळलं नव्हतं, हे त्यांनीच सांगितलंय. काही केलं की माणूस वळून बघतो, एवढं तरी मुन्ना शिकला होता. त्यानं सांगितलं. ऐकणारी चुकली. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तिचं म्हणणं मला पटलेलंही नाही.

म्हणून 'टेक' बंद. 'मोज' बंद. 'हस' बंद. बंद म्हणजे मी बंद केलं, त्यानं नाही. दाणा थांबला की वागणं आधी वाढतं आणि मग विझतं, हे पुस्तकात आहे. वाढलं ते मी पाहिलं. दिवसातून वीसदा टाप. विझायची वाट पाहत बसले असते तर विझलंही असतं, पण प्रत्येक टापेला मी स्टेथोस्कोप घेऊन धावत होते. कुशीला कान, जबड्याला बोटं, मानेवर हात, "काय रे बाळा". हरभरे नव्हते, पण दाणा द्यायची मी थांबलेच नव्हते. आणि कधी धावायचे, कधी स्वयंपाकात अडकायचे. कधी मिळतं कधी नाही, अशा बक्षिसानं सवय आणखी घट्ट होते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरनी उंदरा-कबुतरांवर केव्हाच दाखवलंय. लोळणं थांबलं. आता मातीत तो एकटा असतो तेव्हाच लोळतो, आणि मी लांबून बघते. टाप मात्र आहे.

परवा रात्री दोनला वाजली. चार टापा. मी शाल गुंडाळून गेले. घाम नाही. कुशीला कान लावला तर पाइप गुरगुरत होता. नाडी चाळीस. "झोप आता," म्हटलं आणि निघाले, तर त्यानं मान वळवून कुशीकडे तोंड केलं आणि तसाच उभा राहिला. मी परत फिरले आणि पुन्हा नाडी मोजली.