अर्धा गड्डा

लेट्यूसचा गड्डा मधोमध चिरून ठेवला की कापलेली कड तांबूस पडू लागते. उरलेला अर्धा उद्याच्या आशेवर झाकून ठेवणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक असतं. अशा वेळी हमखास पर्टिनॅक्स आठवतो. हा गृहस्थ पाहुण्यांच्या पानात अर्धाच गड्डा वाढायचा. माणसं कितीही येवोत, मांस नऊ रोमन पौंड, म्हणजे जेमतेम तीन किलो. हा पुढे रोमचा सम्राट झाला!

बाप गुलामगिरीतून सुटलेला. पोरगा आधी व्याकरण शिकवायचा. त्यात भागेना म्हणून सैन्यात गेला. १ जानेवारी इ.स. १९३ला, वयाच्या ६६व्या वर्षी, गादीवर बसला तेव्हा खजिन्यात उरले होते दहा लाख सेस्टर्स, म्हणजे तिथली नाणी. आधीचा सम्राट कोमोडस सगळं उडवून गेलेला. मग त्याच्या चीजवस्तूंचा लिलाव निघाला: सोन्याचे धागे विणलेली रेशमी वस्त्रं, आणि त्या गाड्या! बसल्याजागी आसन फिरवून ऊन चुकवायचं, वारा घ्यायचा. काही गाड्या तर किती अंतर कापलं तेही सांगायच्या. विकताना याचा हात जराही थरथरला नसेल.

पुढे त्याने दिनारियस नाण्यातली चांदी सुमारे ७४ टक्क्यांवरून ८७वर नेली. नाणं चोख झालं खरं, पण तेवढ्याच चांदीत नाणी कमी पडतात, आणि शरीररक्षक दलाला तर रोकड हवी होती. माणशी १२,००० सेस्टर्स कबूल केले होते. एक जुना चरित्रकार म्हणतो, हातात पडले ६,०००. इथेही अर्धा गड्डाच. ताटात अर्धं वाढलं तर पाहुणा फार तर घरी जाऊन नावं ठेवतो. तलवारवाल्याचं तसं नसतं.

२८ मार्चला त्याच दलाचे दोनेकशे सैनिक राजवाड्यात घुसले. तो पळाला नाही, समोर जाऊन त्यांना समजावू लागला. काही जण वरमलेही. मग एकाने वार केला आणि ८७ दिवसांचं राज्य आटोपलं.

त्याच दिवशी या शरीररक्षकांच्या छावणीच्या तटाशी साम्राज्याची बोली लागली. पर्टिनॅक्सचा सासरा २०,०००पर्यंत चढला. डिडियस ज्युलियानस या श्रीमंत सिनेटरने माणशी २५,००० म्हणत सौदा मारला. तेव्हा सिनेटमध्ये असलेला इतिहासकार डिओ लिहितो, की पर्टिनॅक्ससाठी रांधलेलं जेवण पाहून नवा सम्राट खो-खो हसला. अपरात्री माणसं पाठवून महागडे पदार्थ मागवले, पोटभर जेवला आणि फासे खेळत बसला. प्रेत अजून वाड्यातच होतं.